वाजंत्र्यांची पंगत

मी जन्मभर पैसे घेऊन वाजवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण या एका गोष्टीवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी गावाकडच्या जमिनीवरूनही झाली नाहीत. फुकट वाजवलं असतं तर बाबांची हरकत नव्हती. उलट कौतुकच होतं. हरकत होती ती पाकिटाला.

बाबा भंडारा जिल्ह्यातले, धानाच्या बांधीतून उठून भिलाईला आलेले. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा ते खलाशी म्हणून लागले, म्हणजे लोखंडाचे अवजड भाग दोर आणि साखळ्यांनी वर चढवणाऱ्या टोळीत. पुढे भट्टी पेटली, बाबा पक्के झाले, आणि आम्हाला सेक्टर 2 मध्ये क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, घरात नळ, विजेचा दिवा. गावाकडचे लोक हे सगळं पाहायला यायचे आणि बाबा त्यांना भर दुपारी बटण दाबून दिवा लावून दाखवायचे. 'हे सगळं घामाचं आहे' असं सांगायचे. घामाचं आणि इज्जतीचं, हे दोन शब्द त्यांच्या तोंडी सारखे असायचे.

आई शिवणकाम करायची. त्या काळात भिलाईत रशियन इंजिनियरांची पुष्कळ कुटुंबं होती, आणि त्यांतल्या एका बाईचे पडदे, झगे, उशांचे अभ्रे आई शिवून द्यायची. बाई लठ्ठ, लालबुंद गालांची, हसली की तिचे डोळे मिटून जायचे. तिला हिंदी येत नव्हतं, आईला रशियन येत नव्हतं, आणि तरी दोघी तासतास बोलायच्या. मी टेप आणि टाचण्या धरायला सोबत जायची. तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई मापं घ्यायला लागली की बाई खुर्चीत बसायची, गळ्यात एक मोठी पेटी अडकवायची आणि वाजवायची. आपल्या भजनातल्या पेटीसारखी ती जमिनीवर बसत नव्हती. छातीवर असायची, भाता मधोमध, आणि दोन्ही बाजूंना बटणंच बटणं. मी तिच्या समोर फरशीवर बसून नुसती बघत राहायची. आईच्या हातातून टाचण्या पडल्या तरी माझं लक्ष नसायचं.

दोन वर्षांनी त्यांची जायची वेळ आली. सामान बांधून झालं होतं. खोलीत चारच वस्तू उरल्या होत्या: एक आरसा, एक लोकरीचा कोट, एक विजेची इस्त्री आणि ती पेटी. बाईनं आईला खुणेनं सांगितलं, यातलं एक तुझं. आईची नजर इस्त्रीवर खिळली होती. तिची स्वतःची इस्त्री कोळशाची. ठिणगी उडाली की लोकांच्या कापडाला भोक पडायचं आणि आईला ते भरून द्यावं लागायचं. विजेची इस्त्री म्हणजे तिच्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट होती, हे मला पक्कं माहीत होतं. मी पुढं झाले आणि पेटीवर हात ठेवला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. बाई मात्र टाळ्या वाजवून हसली, माझे मुके घेतले आणि पेटी माझ्या हातात दिली. आता परत कोण मागणार? आई पुढं चालायला लागली. दारात पोचल्यावर म्हणाली, "मले एक वस्तू भेटली होती जन्मात. तेबी तू खाल्ली."

मला वाईट वाटलं का? वाटलं. पेटी परत करावी असं वाटलं का? एक क्षणभरही नाही.

शिकवणारं कोणी नव्हतं. बाबांच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या, त्याप्रमाणे माझा रियाज बदलायचा. ते दिवसपाळीला असले की शाळेतून आल्यावर दोन तास माझे. रात्रपाळी असली की ते दिवसभर झोपायचे, मग त्या आठवड्यात मी भाता बांधून ठेवायची आणि नुसती बटणांवर बोटं फिरवायची. एकीकडे तेलुगू शेजारी, दुसरीकडे पंजाबी, मागे बंगाली. सगळ्यांनी मिळून माझा छळ सोसला. पंजाबी काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या. वर्षभरानं त्यांचं लाटणं थांबलं, तेव्हा मला कळलं की आता जमायला लागलंय.

बाबांचं एक भजन मंडळ होतं. प्लांटमधली आपल्या बाजूची पंधरा-वीस माणसं दर गुरुवारी जमायची. बाबा खंजिरी वाजवायचे, आणि फार चांगली वाजवायचे. एका गुरुवारी पेटीवाले आजारी पडले आणि बाबांनी मला बोलावलं. मी माझी रशियन पेटी घेऊन गेले. पहिल्या दोन भजनांना लोक हसत होते, तिसऱ्याला गप्प झाले. परत येताना बाबा वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "माही पोरगी. कोनी शिकवलं नाही, बरं का. आपल्या आपण शिकली." त्या वर्षी गणपतीत मी दहाही दिवस वाजवलं. बाबा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. ती मान डोलवणारी मूर्ती मी मनात नीट ठेवली आहे, कारण ती पुन्हा दिसली नाही.

गणपतीत मला एका बंगाली क्रेनवाल्यानं ऐकलं. क्रेनवाला म्हणजे प्लांटमध्ये क्रेन चालवणारा. संध्याकाळी तो मेंडोलिन वाजवायचा आणि त्याची एक ऑर्केस्ट्रा पार्टी होती. ढोलकवाला मल्याळी, गाणारा सरदार, बासरीवाला इथलाच छत्तीसगढी. क्लबमध्ये, लग्नांत, प्लांटच्या कार्यक्रमांत ते सिनेमाची गाणी वाजवायचे. त्यांचा अकॉर्डियनवाला, म्हणजे माझ्यासारखी गळ्यातली पेटी वाजवणारा, बदली होऊन गेला होता. क्रेनवाला घरासमोर आला, मला पेटी काढायला लावली, मी ती गळ्यात घातली आणि तो कपाळाला हात लावून खाली बसला.

"बेटी," तो म्हणाला, "तूने तो उल्टा पहना है."

झालं होतं असं. रशियन बाई माझ्या समोर बसून वाजवायची. सुरांची बटणं तिच्या उजव्या हाताखाली असत, पण समोरून पाहणाऱ्या मला ती डावीकडे दिसत. पेटी घरी आली तेव्हा मला दिसली होती तशी मी ती घातली, सुरांची बाजू माझ्या डाव्या हाताला. त्यासाठी पेटी खालची वर करावी लागते, एवढंही मला कळलं नव्हतं. भिलाईत सांगणार कोण? भजन मंडळातल्या कुणी अशी पेटी जन्मात पाहिली नव्हती. तीन वर्षं मी सगळं डाव्या हातानं वाजवत होते.

क्रेनवाला भला माणूस होता. म्हणाला, सरळ घालायला शीक, महिनाभराची सवय आहे, मग तुला पार्टीत घेतो. मी महिनाभर प्रयत्न केला. पेटी सरळ घातली की माझी बोटं गोंधळायची, साधं भजनसुद्धा निघेना. आणि मला राग येत होता तो वेगळ्याच गोष्टीचा. सरळ घातल्यावर त्या पेटीचे खालचे सूर हनुवटीपाशी येतात आणि वरचे सूर गुडघ्याकडे. हे काय सरळ झालं? माझ्या पद्धतीनं खालचे सूर खाली होते, वरचे वर. गाताना आवाज चढतो तेव्हा आपण मान वर करतो की गुडघ्यात घालतो?

महिना संपल्यावर मी एकटीच सेक्टर 10 ला त्याच्या क्वार्टरवर गेले. पार्टीचे चौघं तिथं सरावाला बसले होते. मी म्हटलं, "दादा, सगळ्यांनी डोळे मिटा." त्यांनी हसत हसत मिटले. मी माझ्या पद्धतीनं पेटी घातली आणि त्यांचंच एक गाणं वाजवलं, जे मी क्लबच्या कुंपणाबाहेर उभी राहून ऐकलं होतं. अंतरा दोनदा घेतला. मग विचारलं, "आता सांगा, कशी घातली होती?"

सरदारजी डोळे न उघडताच म्हणाले, "एक बार और बजा." त्या दिवसापासून मी पार्टीत होते. पुढे नागपूरला, रायपूरला मोठमोठे वाजवणारे मला हसले, शिकवायला आले, एकानं तर माझ्या गळ्यातली पेटी काढून उलटी करून पुन्हा घातली. मी तिथल्या तिथे ती फिरवून घेतली आणि त्याला म्हटलं, साहेब, तुम्ही तुमची सांभाळा.

पहिला कार्यक्रम सेक्टर 10 मध्ये झाला. कार्यक्रम संपल्यावर क्रेनवाल्यानं प्रत्येकाच्या हातात एक पाकीट दिलं, माझ्याही. मला वाटलं बाबांना आनंद होईल. इतकी मी भोळी होते. मी ते पाकीट घरी येऊन देवापुढे ठेवलं आणि बाबांना सांगितलं.

बाबा जेवत होते. त्यांनी हात धुतला.

"हे उचल तिथून," ते म्हणाले.

"कावून?"

"देवाच्या समोर वाजव, मंडळात वाजव, आमाले आनंद आहे. पन पैसे घिऊन वाजवते ते लोकं येगळे. आपल्या घरात कोनी नाही वाजवलं पैसे घिऊन."

"तुमी कामाचे पैसे घेता न बाबा? भट्टीवर फुकट जाता का?"

"ते काम आहे!"

"हे बी कामच आहे."

"लगन कोन करन तुयासंग? गावात काय सांगू मी, पोरगी वाजंत्री झाली म्हून?"

"सांगा," मी म्हटलं. "झालीच हाये."

त्यांनी हात उगारला नाही. बाबांनी घरात कुणावर कधीच हात टाकला नाही. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद झालं. काही सांगायचं असलं की आईला सांगायचे, "तिले सांग, पान्याचा ड्रम भरून ठेव." मी समोरच उभी असायची. मग मीही हट्टाला पेटले. घरात आमची बोली फक्त मराठी, बाहेर हिंदी. बाबांना त्याचा फार अभिमान. मी घरात हिंदी बोलायला लागले. "माँ, उनसे कहो पानी भर दिया." बाबांचा चेहरा जांभळा व्हायचा. आज सांगते, हे मी त्यांना दुखवायलाच करत होते आणि मला त्यात मजा येत होती.

आईची तऱ्हा वेगळी. तीन-चार कार्यक्रमांच्या पैशातून मी तिला विजेची इस्त्री आणली. नवी कोरी, खोक्यातली. आईनं खोकं उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि कपाटावर ठेवून दिलं. वर्षभर ते तिथंच होतं. ती कोळसे फुंकत राहिली, ठिणग्या उडत राहिल्या, आणि ती भोकं भरत राहिली. बाबांचं न बोलणं मी सहन केलं, पण आईच्या त्या फुंकण्याच्या आवाजानं मला रडू यायचं. मी कार्यक्रम सोडले नाहीत. रडत जायची, पण जायची.

मी अठरा वर्षांची असताना गावी मोठेबाबांच्या मुलीचं लग्न निघालं. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. आम्ही सगळे दुर्गहून गाडीनं गोंदियाला आणि तिथून बैलगाडीनं गावात गेलो. पेटी मी सोबत घेतली होती. महिन्याभरात भिलाईत मोठा कार्यक्रम होता आणि मला रियाज बुडवायचा नव्हता. बाबांनी गाडीत पेटीकडे पाठ करून तोंड खिडकीबाहेर ठेवलं.

गावात एक अडचण झाली होती. गावातले जुने वाजंत्री काही वर्षांपूर्वीच वाजवायचे थांबले होते. आम्ही यापुढं कोणाच्या दारात वाजवणार नाही, असं त्यांनी पंचांना स्पष्ट सांगितलं होतं आणि ते शब्दाला पक्के राहिले. गावातले आमचे लोक त्यावर नाक मुरडून बोलायचे. मला मात्र ऐकून बरं वाटलं. वाजवायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, एवढंच माझंही म्हणणं होतं. त्यांनी न वाजवायचं ठरवलं, मी वाजवायचं ठरवलं.

म्हणून मोठेबाबांनी तालुक्याहून चौघं बोलावले होते. आले तिघंच. एक म्हातारे ताशावाले आणि दोघे भाऊ, ढोलवाले. क्लॅरनेटवाला तापानं फणफणला होता. नवरदेवाकडचे लोक मोठे, त्यांचा बँड चांगला बारा माणसांचा, आणि आमच्याकडून सामोरं जायला नुसता ताशा आणि दोन ढोल. सूर धरायलाच कोणी नाही. दुपारी बाराचं लग्न होतं. वरात शेजारच्या गावात येऊन थांबल्याचा निरोप आला, आणि मोठेबाबा मांडवात येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली.

"पोरी, तुयी ते पेटी आहे न संग?"

"हाये."

"मंग चाल. वरातीच्या सामने वाजव. इज्जतीचा सवाल आहे आपल्या."

बाबा तिथंच होते, पत्रावळी मोजत. त्यांनी मान खाली घातली, पण नाही म्हणाले नाहीत. घरातल्या लग्नात घरातल्या पोरीनं वाजवलं तर ते त्यांच्या हिशेबात भजनातच जमा होणार होतं. हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि माझं डोकं फिरलं. वर्षभर ज्या गोष्टीसाठी मला घरात भिंतीसारखं वागवलं, ती गोष्ट आता अडल्यावर इज्जतीची झाली होती.

"वाजवतो मोठेबाबा," मी म्हटलं. "सुपारी द्या."

"काय?"

"यायले दिली न?" मी म्हाताऱ्या ताशावाल्यांकडे हात केला. "नारळ, सुपारी, अन ठरलेली बिदागी. मलेबी तेच द्या. त्याच्याशिवाय मी पेटी उघडत नाही."

मांडवातल्या बायका थबकल्या. आई म्हणाली, "चूप बैस वं." मोठेबाबा बाबांकडे पाहत राहिले. बाबा मोजलेल्या पत्रावळी पुन्हा मोजायला लागले. दूर वेशीकडून बँड ऐकू यायला लागला होता. शेवटी मोठेबाबांनी दात-ओठ खात एक नारळ आणि सुपारी माझ्या ओटीत टाकली, वर बिदागी ठेवली. मी ती कपाळाला लावली आणि पेटी गळ्यात घातली.

त्या दुपारी मी जशी वाजवली तशी फार थोड्या वेळा वाजवली असेन. म्हातारे ताशावाले पहिल्या पाच मिनिटांत माझा अंदाज घेऊन मोकळे झाले, आणि मग आम्ही एकमेकांना सोडलंच नाही. मी उचलायची, ते पाडायचे. नवरदेवाचा बँड वेशीपाशी आमच्यासमोर आला, दोन गाणी झगडला आणि तिसऱ्याला त्यांच्या मास्तरानं काठी खाली करून आम्हाला वाट दिली. गावातली पोरंसोरं, म्हातारे, बायका, सगळे रस्त्याच्या कडेला. मोठेबाबा छाती काढून पुढं चालत होते. मी बाबांना शोधलं. ते मागं, गर्दीच्याही मागं, मान वळवून चालत होते.

लग्न लागलं. पंगती बसायला लागल्या. आधी वराकडचे पुरुष, मग त्यांच्या बायका, मग गावातले, मग आमच्या घरच्या बायका. बाबा कमरेला पंचा बांधून वाढत होते. मुलीकडचे पुरुष वाढतात आणि सगळ्यात शेवटी जेवतात, ही आमच्याकडची रीत. आई मला हाक मारत होती. घरच्या बायकांच्या पंगतीत माझ्यासाठी जागा धरली होती. मी तिकडं निघाले आणि वाटेत मला ते तिघं दिसले.

मांडवाबाहेर, गोठ्याच्या कडेला, उन्हात ते बसले होते. वाजंत्र्यांची पंगत सगळ्या पाहुण्यांच्या नंतर, आणि मांडवाच्या बाहेर. मी लहानपणापासून गावातली लग्नं पाहिली होती, ती पंगतही पाहिलीच असणार. पण पाहिल्याचं मला काही आठवेना, याची मला लाज वाटली. मी गेले आणि म्हाताऱ्यांच्या शेजारी बसले.

ते घाबरले. "बाई, तुमी तिकडं जा," ते म्हणाले. "लोकं आमाले बोलतीन."

"संग वाजवलं न आपण? मंग संगच जेवू."

"तुमचं घर आहे हे."

"सुपारी मीबी घेतली, बाबाजी. सरका जरा."

ते सरकले. दोघा भावांपैकी धाकट्यानं माझ्यासमोर एक पत्रावळ मांडली. आम्ही बराच वेळ बसून राहिलो. मांडवातून आईनं पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. मग भात वाढून आणि भाताची टोपली तिथंच ठेवून गेला कोणीतरी, आणि त्याच्यामागून वरणाची बादली घेऊन बाबा आले.

त्यांनी आधी पलीकडच्या दोघा भावांना वाढलं. उभ्या उभ्या, वगराळं कमरेच्या उंचीवर धरून, वरून धार सोडून. वगराळं पत्रावळीला लागू नये म्हणून. मग म्हाताऱ्यांना, तसंच. मग माझ्यासमोर आले. ते थांबले, आणि मला वाटलं, आता बसतील, वाकतील. बाबांनी वगराळं उचललं आणि वरून सोडलं. वरण भातावर पडलं, तिथून उडून माझ्या साडीवर, हातावर. कढत होतं. मी हात झटकला नाही.

मला तेव्हा कळलं की ते माझ्यावर सूड घेत नव्हते. या जागी बसलेल्याला असंच वाढायचं असतं, एवढंच त्यांना माहीत होतं. हातानंच आपलं काम केलं. ते मला जास्त लागलं.

"बाबा," मी थेट त्यांनाच, मराठीत म्हटलं. वर्षभरानंतर पहिल्यांदा. "सांडलं. पुन्हा वाढा. वाकून वाढा."

"ऊठ तिथून," ते हळूच म्हणाले.

"नाही उठत. मी पैसे घिऊन वाजवलं, म्हून मी इथंच बसन. अन पहिले यायले वाढा," मी म्हाताऱ्यांकडे बोट केलं. "यायचंबी सांडलं."

म्हातारे पुटपुटत होते, राहू द्या बापा, राहू द्या. मांडवातून मोठेबाबा ओरडले, काय तमाशा आहे तिकडं. बाबा बादली घेऊन उभे होते. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता, तो त्यांनी पुसला नाही. ते माझ्या हाताकडे पाहत होते. मनगटाजवळ लाल झालं होतं.

मग ते खाली उकिडवे बसले. म्हाताऱ्यांच्या पत्रावळीवर वाकले, वगराळं भाताला टेकवलं आणि वाढलं. दोघा भावांकडे सरकले, त्यांना वाढलं. मग मला. तोंड दगडासारखं.

मोठेबाबा तोवर मांडवाच्या कडेला आले होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ते बादली आता मांडवात आनू नको. अन तू बी तिच्यासंगच जेव." हे म्हणून ते आत गेले. आत शेवटची पंगत बसत होती, घरच्या पुरुषांची. सकाळपासून बाबांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आतून कोणी त्यांना हाक मारली नाही. भावानं नाही, चुलतभावांनी नाही.

बाबा उठले. मला वाटलं, आता रागानं निघून जातील, बैलगाडी जुंपायला सांगतील. त्यांनी बादली आमच्या मधोमध ठेवली, ढिगातून एक पत्रावळ ओढली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले.

"तुयं हे वाजवणं मले पसंत नाही," ते समोर पाहत म्हणाले. "आजबी नाही, उद्याबी नाही."

"माहीत आहे."

"पाहत काय राहिली मंग? वाढ."

मी उठले, भाताची टोपली घेतली, वाकले आणि म्हटलं, "भात घ्या, बाबा."